वर्गणी भरा आणि क्लबही चालवा : अमेरिकी विद्यापीठांतील क्लब स्पोर्ट्सचे परीक्षण

अमेरिकी विद्यापीठांतील क्लब स्पोर्ट्सचे परीक्षण व्यायामशाळेच्या सदस्यत्वाचे करावे तसे करता येत नाही, कारण येथे वर्गणी भरणारा आणि त्या वर्गणीतून सेवा उभी करणारा असे दोघेही विद्यार्थीच असतात. सरावाची वेळ ठरवणे, स्पर्धेची प्रवेशिका भरणे, हॉटेलात खोल्या राखून ठेवणे, जर्सींची मागणी नोंदवणे आणि कोणी जखमी झाल्यास त्याचा अहवाल वेळेत पाठवणे ही सारी कामे, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याची स्वतःची परीक्षा आहे अशा कुणीतरी केलेली असतात. मी पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मिडवेस्टमधील, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातील, एका मोठ्या सरकारी विद्यापीठात अल्टिमेट फ्रिस्बी या तबकडीच्या सांघिक खेळाच्या क्लबाचा सभासद होतो आणि पुढे त्याच क्लबाचा खजिनदार झालो. विद्यापीठाचे नाव देत नाही. मोठ्या विद्यापीठांत ही व्यवस्था थोड्याफार फरकाने सारखीच असल्यामुळे त्यावाचून वाचकाचे काही अडणार नाही.

तेथे खेळांचे तीन थर असतात. सर्वांत वर व्हर्सिटी, म्हणजे विद्यापीठाचे अधिकृत संघ : एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेसारख्या संघटनेचे नियम, पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक, अनेक खेळाडूंना शिष्यवृत्ती आणि अमेरिकन फुटबॉलच्या शनिवारी भरून वाहणारे स्टेडियम. सर्वांत खाली इंट्राम्युरल, म्हणजे विद्यापीठाच्या आतल्या आत, एका वसतिगृहाचा दुसऱ्या वसतिगृहाशी किंवा एका विभागाचा दुसऱ्या विभागाशी होणाऱ्या काही आठवड्यांच्या स्पर्धा. क्लब स्पोर्ट्स या दोहोंच्या मधले. क्लबाचा संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो आणि प्रादेशिक व राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जाऊ शकतो, पण खेळण्याबद्दल सहसा शिष्यवृत्ती नसते आणि प्रशिक्षक असलाच तर तो बहुधा थोड्या मानधनावर किंवा निव्वळ हौसेपोटी आलेला असतो. विद्यापीठाचा रिक्रिएशन विभाग मैदान, थोडे अनुदान, सामान ठेवण्याची खोली आणि भरपूर नियम देतो. बाकीचे सारे निवडून आलेल्या विद्यार्थी पदाधिकाऱ्यांवर असते.

मधला थर म्हटले की तो दुय्यम वाटतो, पण कालक्रमाने पाहिले तर विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब हाच सर्वांत जुना प्रकार आहे. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन खेळांची सुरुवात जिच्यापासून मानली जाते ती १८५२ सालची हार्वर्ड आणि येल यांची विनिपसॉकी सरोवरावरची नौकाशर्यत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या बोट क्लबांमध्ये झाली होती. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला, त्याची जुळवाजुळवही विद्यार्थ्यांनीच केली होती. फुटबॉलमधील मृत्यू आणि गंभीर दुखापतींवरून १९०५ मध्ये गदारोळ उठला, त्यातून १९०६ मध्ये एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९१० मध्ये तिने एनसीएए हे नाव घेतले. लोकप्रिय खेळांचा कारभार विद्यार्थ्यांच्या हातून प्रशासनाच्या हाती जाण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती, तिला यानंतर वेग आला. ज्या रिक्रिएशन विभागांच्या छत्राखाली आजचे क्लब चालतात त्यांची, आज निर्सा या नावाने ओळखली जाणारी संघटना १९५० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात, विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील क्रीडासंचालकांच्या बैठकीतून उभी राहिली. वर्गणी भरणाऱ्याला हा इतिहास माहीत असलाच पाहिजे असे नाही, पण ‘व्हर्सिटीत जागा न मिळालेल्यांची सोय म्हणजे क्लब’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात कानावर पडते तेव्हा तो उपयोगी पडतो.

त्या वाक्याला आजचीही उत्तरे आहेत. मिशिगन विद्यापीठात महिलांचा रोइंग संघ व्हर्सिटी आहे, पुरुषांचा मात्र क्लब आहे, आणि क्लब संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने अनेकदा विजेतेपद मिळवलेले आहे. एखादा संघ क्लब का राहतो याचे कारण पुष्कळदा खेळाच्या दर्जात नसून विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात आणि १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने आणलेल्या स्त्री-पुरुष समतोलाच्या गणितात सापडते. पेन स्टेट विद्यापीठाचा आइस हॉकी संघही दीर्घकाळ क्लबच होता. २०१० मध्ये उद्योगपती टेरी पेगुला यांनी ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर केली, त्यातून बंदिस्त रिंक उभी राहिली आणि २०१२ पासून तो संघ व्हर्सिटी पातळीवर खेळू लागला. एवढी देणगी मिळण्याची शक्यता नसलेल्या क्लबांनी मग स्टेडियम झाडायचे. त्याविषयी पुढे लिहितोच.

सेवा म्हणून पाहिले तर यातील सर्वांत भक्कम बाजू नवख्यांना शिकवण्याची आहे, आणि त्या बाबतीत मी पाचपैकी पाच गुण देण्यास कचरणार नाही. अल्टिमेट हा सात-सात खेळाडूंचा, १७५ ग्रॅमच्या तबकडीने खेळायचा खेळ १९६८ मध्ये न्यू जर्सीतील मेपलवुडच्या एका शाळेतील मुलांनी सुरू केला. त्याचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १९७२ रोजी, पहिल्या फुटबॉल सामन्याला बरोबर १०३ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्याच रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये, जुन्या मैदानाच्या जागी झालेल्या वाहनतळावर झाला, आणि दोन्ही वेळा रटगर्स दोन गुणांनी जिंकले. शाळेत हा खेळ खेळून आलेले थोडेच असल्यामुळे क्लबात येणाऱ्यांतील मोठा भाग अगदी कोरा असतो, आणि जुन्या खेळाडूंना त्यांना शिकवण्यावाचून गत्यंतर नसते, कारण न शिकवल्यास पुढच्या वर्षी संघच उभा राहत नाही. फोरहँड फेकताना मनगट कोठे थांबवावे, वाऱ्याविरुद्ध तबकडी किती तिरकी धरावी, बचाव करताना कोणती बाजू मोकळी सोडावी हे मला कोणत्याही पगारी प्रशिक्षकाने शिकवले नाही. रसायनशास्त्रात पदवी घेणाऱ्या एका तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने शिकवले, आणि ते ज्या सहनशीलतेने शिकवले ती पैसे देऊन मिळणाऱ्या शिकवणीत क्वचितच आढळते.

या खेळात पंच नसतो. फाऊल झाला असे ज्याला वाटते तो स्वतः ओरडून सांगतो, समोरचा ते मान्य करतो किंवा अमान्य करतो, आणि वाद मिटला नाही तर तबकडी आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते. वरच्या पातळीवरील स्पर्धांत निरीक्षक असतात, पण त्यांच्याकडेही बहुतेक वाद आधी खेळाडूंनी आपसांत बोलून झाल्यावरच जातात. पंचाच्या बोटावर सामना फिरताना पाहत वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला भाबडेपणाचे वाटते. प्रत्यक्षात गुण बरोबरीत असताना, दमलेल्या अवस्थेत, ‘होय, माझा हात लागला’ असे म्हणणारा प्रतिस्पर्धी मी पाहिला आहे आणि तसे न म्हणणारेही पुष्कळ पाहिले आहेत.

मैदानाच्या बाबतीत मात्र ही सेवा सुमार आहे. प्रकाशझोताचे कृत्रिम गवताचे मैदान आधी व्हर्सिटीला, मग इंट्राम्युरलला आणि उरले तर क्लबांना मिळते. परिणामी आमचा सराव रात्री नऊनंतर सुरू होऊन अकराच्या पुढे संपत असे. पाऊस पडला की विभाग गवताची मैदाने दुपारीच बंद करतो, आणि हिवाळ्यात सगळे क्लब एकाच बंदिस्त सभागृहासाठी रांगेत उभे राहतात. सकाळी प्रयोगशाळेत उभे राहायचे असेल तर हे वेळापत्रक अंगावर येते. ज्यांचे अभ्यासक्रम सकाळचे आहेत त्यांनी क्लब निवडण्यापूर्वी खेळाच्या आवडीइतकेच महत्त्व सरावाच्या वेळेला द्यावे. नौकानयनवाल्यांची अडचण नेमकी उलटी असते, त्यांना पहाटे पाचला पाण्यावर असावे लागते.

पैशाकडे येऊ. माझी वर्गणी सत्राला १५० डॉलरच्या आसपास होती, आणि एवढ्यात एखादा विद्यार्थी वर्षभर खेळू शकेल असे मानून जो येईल त्याची फसगत होईल. जर्सी वेगळी, बूट वेगळे, राष्ट्रीय संघटनेचे वैयक्तिक सदस्यत्व वेगळे, आणि प्रवासातील जेवण तर प्रत्येकाचे स्वतःचेच असते. खेळ बदलला की आकडाही मोठ्या प्रमाणात बदलतो : आठ वल्हेकऱ्यांची एक नवी शर्यतीची नाव हजारो डॉलरना पडते, आइस हॉकीत बर्फाचे भाडे तासाच्या हिशेबाने मोजावे लागते, आणि म्हणून त्या क्लबांची वर्षाची वर्गणी हजारांच्या घरात जाते. घोडेस्वारीच्या क्लबाविषयी न बोललेले बरे. विद्यापीठाचे अनुदान विद्यार्थ्यांच्या अनिवार्य शुल्कातून येते, म्हणजे वर्गणी भरण्यापूर्वीच प्रत्येकाने नकळत थोडे पैसे दिलेले असतात, आणि ते कोणत्या क्लबाला किती द्यायचे हे ठरवताना मागील वर्षाचा ताळेबंद, स्पर्धांची संख्या, सभासदांची हजेरी आणि समाजसेवेचे तास असे सारे पाहिले जाते. खजिनदार या नात्याने माझा अर्धा वेळ खर्चाच्या पावत्या गोळा करण्यात गेला. पावतीवर हॉटेलच्या कराची रक्कम वेगळी दाखवलेली नाही एवढ्या कारणावरून परत आलेला अर्ज मंजूर होईपर्यंत ज्या विद्यार्थ्याने आपल्या क्रेडिट कार्डावर खोल्यांचे पैसे भरले होते त्याला आठवड्यामागून आठवडे थांबावे लागले. क्लबात पदाधिकारी होणाऱ्यांनी आपले वैयक्तिक कार्ड क्लबासाठी वापरू नये, हा माझा सल्ला आहे, जरी तो पाळणे नेहमी शक्य होत नाही.

उरलेली तूट भरून काढण्यासाठी निधी उभा करण्याचे जे मार्ग आहेत त्यांत सर्वांत प्रचलित म्हणजे व्हर्सिटी फुटबॉलच्या सामन्यानंतर स्टेडियममधील कचरा उचलणे किंवा सामन्याच्या वेळी खाद्यपदार्थांच्या खिडकीवर उभे राहणे. मोबदला व्यक्तीला न मिळता क्लबाच्या खात्यात जमा होतो. प्रेक्षकांनी सांडलेले पेय खरवडून काढत असताना व्हर्सिटी आणि क्लब यांच्यातील अंतराचे जे ज्ञान होते ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही. तरीही, विचित्र वाटले तरी, आमच्या संघातील अनेक मैत्री त्याच रविवारच्या सकाळी पक्क्या झाल्या.

प्रवास हा या सेवेचा सर्वांत गंभीर भाग आहे आणि प्रवेश घेताना त्याविषयी सर्वांत कमी विचारले जाते. स्पर्धा शनिवार-रविवारी असतात, दिवसाला तीन-चार सामने होतात, आणि स्थळ चार-सहा तासांच्या अंतरावर असते. शुक्रवारी वर्ग संपल्यावर निघायचे आणि रविवारी संध्याकाळी, दोन दिवस धावून झाल्यावर, तितकेच अंतर परत यायचे. गाडी चालवणारा त्याच खेळाडूंपैकी एक असतो. पंधरा आसनी व्हॅनविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्येच इशारा दिला होता की, एकट्याच वाहनाच्या अपघातांत दहा किंवा अधिक प्रवासी असताना ही व्हॅन उलटण्याचे प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट असते. प्रवासी वाढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, आणि छतावर सामान लादले तर त्यात भरच पडते. अनेक विद्यापीठांनी त्यानंतर अशा व्हॅनवर बंदी घातली. आमच्या विभागाने लहान गाड्यांची सक्ती केली होती, चालकांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागे, मध्यरात्रीनंतर गाडी रस्त्यावर असण्यास मनाई होती आणि ठरावीक तासांनंतर चालक बदलावा लागे. विद्यार्थी या नियमांवर सतत कुरकुर करतात, कारण त्यांच्यामुळे हॉटेलची एक रात्र वाढते आणि वर्गणीही वाढते. माझे मत विभागाच्या बाजूने आहे. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मंजूर चालक होण्यासाठी बहुतेक ठिकाणी अमेरिकेचा वाहन परवाना लागतो. परवाना नसलेला सभासद प्रवासात ओझे ठरत नाही, पण परवाना असलेल्या दोघातिघांवर सगळा भार पडतो आणि ते दमतात.

विम्याचा प्रश्नही वर्गणी भरण्यापूर्वीच विचारावा. सुरुवातीला सही करून घेतल्या जाणाऱ्या जोखमीच्या पत्रात सहसा स्पष्ट लिहिलेले असते की दुखापतीचा वैद्यकीय खर्च खेळाडूच्या स्वतःच्या आरोग्य विम्यातून व्हायचा आहे. व्हर्सिटी खेळाडूला मिळणारी सोय क्लबाच्या खेळाडूला गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत गुडघ्याची एक शस्त्रक्रिया, विमा अपुरा असेल तर, पूर्ण वर्षाचा खर्च उलटापालटा करू शकते. आपल्या विम्यात वजावटीची, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची, रक्कम किती आहे आणि संघटित खेळांतील दुखापत त्यातून वगळलेली तर नाही, ही दोन कलमे प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने स्वतः वाचावीत. सुरक्षेची बाकीची व्यवस्था मला अपेक्षेपेक्षा चांगली आढळली : प्रत्येक क्लबात सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा उपचार) आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक होते, मैदानाजवळ हृदयाला विजेचा धक्का देणारे एईडी यंत्र होते, आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला वैद्यकीय परवानगीशिवाय परत खेळू दिले जात नसे. रग्बीच्या सामन्यांना दुखापतींवर उपचार करणारा प्रशिक्षित ॲथलेटिक ट्रेनर येत असे, आम्हाला तो क्वचितच मिळाला.

नव्या सभासदांना ‘सामील करून घेण्या’च्या नावाखाली होणाऱ्या छळाविषयी दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जो संघीय हेझिंगविरोधी कायदा झाला त्याच्या व्याख्येत क्लब स्पोर्ट्सचे संघ नावानिशी येतात, आणि विद्यापीठांना अशा प्रकारांची व दोषी आढळलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. म्हणजे एखाद्या क्लबाविषयी शंका असेल तर तो अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतो, आणि सभासद नोंदणीच्या टेबलामागे हसतमुखाने उभ्या असलेल्या पदाधिकाऱ्याला विचारण्यापेक्षा ते बरे.

या सर्व बाबींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि क्लब चांगला आहे की वाईट हे माझ्या मते तिच्यावरच ठरते : मागच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्यांच्या हाती काय दिले. निवडणूक एप्रिलमध्ये होते, जुने अध्यक्ष मे महिन्यात पदवी घेऊन दुसऱ्या शहरात नोकरीला जातात, आणि ऑगस्टमध्ये नव्या अध्यक्षांच्या लक्षात येते की ईमेल खात्याचा पासवर्ड कुणाकडेच नाही, जर्सीवाल्याचे जुने बिल थकलेले आहे आणि वसंतातील स्पर्धेची प्रवेशिका भरण्याची मुदत उलटून गेली आहे. विभागातील पूर्णवेळ कर्मचारी मदत करतात, पण एका माणसाकडे डझनावारी क्लब असतात. शेजारच्या एका क्लबात जुन्या खजिनदाराने सुट्टीत दोन दिवस थांबून नव्याला प्रत्येक अर्ज स्वतः भरायला लावला होता. त्या क्लबाचे खेळाडू आमच्याहून विशेष चांगले नव्हते, पण त्यांची एकही स्पर्धा हुकली नाही. आमच्याकडे एका वर्षी वारसा म्हणून फक्त एक गुगल ड्राइव्हचे फोल्डर आले, ज्यात ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘खरेच अंतिम’ अशी तीन अंदाजपत्रके होती.

भारतीय विद्यार्थी सहसा सरळ क्रिकेट क्लबाच्या टेबलाकडे वळतात, म्हणून त्याविषयीही लिहितो. १८६४ मध्ये हॅवरफर्ड कॉलेज आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्यात सामना झाला होता, इतके अमेरिकी महाविद्यालयांतील क्रिकेट जुने आहे. पण आज हॅवरफर्ड सोडून कोठेही व्हर्सिटी क्रिकेट नाही आणि २००९ मध्ये ‘अमेरिकन कॉलेज क्रिकेट’ ही संघटना सुरू झाल्यापासून जे काही वाढले आहे ते क्लबांच्या पातळीवरच वाढले आहे. खेळाडू उत्तम असतात, मैदान नसते. फुटबॉलच्या मैदानावर मॅट अंथरून, एका बाजूची सीमारेषा चाळीस पावलांवर मानून सामने होतात. त्याहून मोठी अडचण हस्तांतराची आहे, कारण सभासद मुख्यतः दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे असतात : पहिले वर्ष ओळखीत जाते, दुसऱ्या वर्षी नोकरीचा शोध सुरू होतो आणि क्लब चालवायला शिकलेला माणूस शिकताशिकताच निघून जातो. ज्याला केवळ क्रिकेट खेळायचे आहे त्याने तेथे जरूर जावे. विद्यापीठात येऊन नव्या माणसांत मिसळायचे असेल तर मात्र रोइंग, रग्बी, अल्टिमेट यांपैकी जो क्लब अगदी नवख्याला घेतो तो आधी पाहावा, असे माझे मत आहे, आणि ते माझ्या क्रिकेटवेड्या मित्रांना पटलेले नाही.

एक तक्रार विभागाच्या विचारार्थ नोंदवून ठेवतो. आमच्या क्लबात वर्गणी परत मागण्याची मुदत सप्टेंबरच्या मध्याला संपत असे, आणि बाहेरगावची पहिली स्पर्धा त्यानंतर येत असे. रात्रीचे सराव, व्हॅनचा प्रवास आणि चौघांच्या खोलीत सहा जणांनी काढलेली रात्र आपल्याला झेपते की नाही हे ज्या स्पर्धेत कळते, तिच्या आधीच पैसे अडकलेले असतात. मुदत पहिल्या स्पर्धेनंतरच्या सोमवारपर्यंत वाढवली तर थोडे सभासद गळतील आणि खजिनदाराचा हिशेब एक आठवडा लांबेल. मी त्या पदावर असताना ही सूचना लेखी दिली होती. विभागाने ती क्लबांच्या परिषदेकडे पाठवली आणि परिषदेत ती पुढच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली.